व्हिक्टोरियन इंग्लंडमधला माळी: त्याचं काम, त्याचा पगार आणि बॉथीतलं आयुष्य

फेब्रुवारीत नाशिक-सांगलीची द्राक्षं बाजारात आली तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये, बाहेर जमीन दगडासारखी गोठलेली असताना, एखाद्या बड्या जमीनदाराच्या जेवणाच्या टेबलावर फेब्रुवारीत टवटवीत द्राक्षांचा घड असायचा. तो घरच्याच बागेतला असायचा आणि वेलीवरून उतरवून त्याला तीन-चार महिने होऊन गेलेले असायचे.

ते जमायचं असं. पिकलेला घड कापताना देठासोबत वेलीच्या काडीचा वीतभर तुकडा ठेवायचा. तो तुकडा पाण्याच्या बाटलीत खोचायचा. पाणी नासू नये म्हणून बाटलीत लाकडी कोळसा टाकायचा. बाटली फळीवर तिरकी बसवायची, म्हणजे घड मोकळा लोंबतो आणि कशालाही घासत नाही. खोली अंधारी आणि थंड हवी, पण पाणी गोठेल इतकी थंड नको. मग हिवाळाभर कुणीतरी नेमाने त्या बाटल्यांमधून फिरायचं, बाटलीतलं पाणी वाढवायचं आणि नासलेला मणी कात्रीच्या टोकाने अलगद काढून टाकायचं. एक मणी कुजला की शेजारचे चार जातात, हे द्राक्षबागायतदाराला सांगायला नको.

हे फिरणारं ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांचा एक पोरगा. तो आणि त्याच्यासारखे हजारो माळी १८३७ ते १९०१ या व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत कसे जगले आणि काय शिकले, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यांच्याकडे जितकं ज्ञान होतं, त्याच्या मानाने त्यांना मिळणारं मोल फारच थोडं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

भिंतीच्या आतली बाग

इंग्लंडमधला मोठा वाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ आणि गुलाब येतात. माळ्यांचा बराच घाम मात्र गळायचा पाहुण्यांच्या नजरेपासून थोड्या दूर असलेल्या भिंतीबंद बागेत. दहा-बारा फूट उंच विटांच्या भिंती, आत भाजीचे वाफे, फळझाडं आणि काचघरं. वाड्यातली मंडळी, पाहुणे आणि नोकरचाकर अशा सगळ्यांना वर्षभर भाजी आणि फळं इथूनच पुरवायची असत.

भिंत चोरांसाठी होतीच, पण तिचा खरा उपयोग उबेसाठी. इंग्लंड इतकं उत्तरेला आहे की तिथे सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. पीच, जर्दाळू, नेक्टरीन अशी नाजूक फळं या भिंतीला लावायची. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या भिंतीला मोरेलो जातीची आंबट चेरी. काही भिंती आतून पोकळ असत. तळाशी शेकोटी पेटवायची आणि धूर भिंतीच्या पोटातून नागमोडी फिरवत वर सोडायचा, म्हणजे मोहराच्या दिवसांत हिमतुषार पडले तरी झाड वाचतं.

ही झाडं भिंतीवर पंख्यासारखी पसरवलेली असत, आणि ती तशी ठेवायची म्हणजे एकेक फांदी हाताने बांधायची. जाड कापडाची किंवा चामड्याची पट्टी फांदीभोवती घ्यायची आणि दोन विटांमधल्या सांध्यात खिळा ठोकून ती अडकवायची. पट्टी घट्ट झाली तर फांदी काचते, सैल राहिली तर वाऱ्याने भिंतीवर घासते. दर हिवाळ्यात जुने खिळे उपटून, छाटणी करून हे सगळं पुन्हा करावं लागे. हातमोजे घालून एवढं बारीक काम होत नाही. शिडीवर उभं राहून, तोंडात खिळे धरून, बधिर बोटांनी शेकडो फूट भिंत अशी पुरी करायची.

पीचला काचघरात मोहर यायचा तेव्हा बाहेर मधमाश्या फिरकतही नसत. मग बांबूच्या काडीला सशाची शेपटी बांधायची आणि दुपारी हवा कोरडी असताना ती एकेका फुलावरून फिरवायची. परागीभवनाचं काम मधमाशीऐवजी माणूस करायचा.

आग विझता कामा नये

१८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. त्याआधीच बॉयलरमध्ये पाणी तापवून ते लोखंडी नळांतून खेळवायची पद्धत रूढ होऊ लागली होती. काच आणि गरम पाणी या दोन गोष्टी जुळून आल्या आणि जमीनदारांमध्ये काचघरांची चढाओढ लागली. द्राक्षांसाठी एक, पीचसाठी दुसरं, खरबूज-काकडीसाठी बुटकी काचघरं, ऑर्किड आणि नेच्यांसाठी दमट उष्ण घर, आणि सगळ्यात मानाचं म्हणजे अननसाचं.

अननस तिथे दोन-तीन वर्षांनी एकदा फळतो. तेवढा सगळा काळ, बाहेर बर्फ असला तरी, त्याच्याजवळचा थर्मामीटर ६० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १६ सेल्सियसच्या खाली जाऊन चालत नसे. जुनी पद्धत अशी की चामडं कमावून उरलेली ओकच्या सालीची भुकटी किंवा घोड्याची ताजी लीद खड्ड्यात भरायची आणि ती कुजताना निघणाऱ्या उष्णतेवर कुंड्या ठेवायच्या. लीद फार ओली असली तर ती थंड पडते, फार ताजी असली तर मुळं भाजतात. म्हणून आधी ती काही दिवस पलटून पलटून मुरवायची. खड्ड्यात काठी रोवून ठेवायची, ती उपसून हातात धरायची आणि तिच्या ऊबेवरून आतली स्थिती ओळखायची. हे पुस्तकातून कळत नाही, हाताला कळावं लागतं.

बॉयलरचं काम त्याहून जिवावरचं. हिवाळ्याच्या रात्री पाळीवरच्या पोराने झोपण्याआधी भट्ट्या भरायच्या, कडाक्याची थंडी असेल तर मध्यरात्रीनंतर पुन्हा उठायचं, राख ओढून टाकायची, कोळसा घालायचा, प्रत्येक घराचा थर्मामीटर बघायचा. डोळा लागला आणि आग विझली, तर वर्षानुवर्षं जपलेली झाडं एका रात्रीत काळी पडायची आणि त्या पोराची नोकरीही जायची.

रोगकिडींची नावं तर आपल्या ओळखीचीच: मावा, लाल कोळी, भुरी. भुरीसाठी गंधक आणि लाल कोळ्यासाठी पाण्याची पिचकारी. माव्यासाठी संध्याकाळी काचघराची सगळी तावदानं बंद करून आत तंबाखू जाळायची. हे काम शिकाऊ पोरांच्या वाट्याला यायचं आणि तो धूर नाकातोंडात जाऊन त्यांना ओकाऱ्या व्हायच्या. तंबाखूतलं निकोटिन किती जहाल असतं हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तो कामाचाच भाग मानला जायचा.

पायऱ्या

मोठ्या बागेत माळ्यांची उतरंड पक्की होती. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा कुंड्या धुण्यापासून सुरुवात करायचा. मातीच्या कुंड्या हजारांनी असत आणि हिवाळ्यात त्या गार पाण्यात घासाव्या लागत. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाशी घालायच्या खापऱ्या फोडून आकारवार लावणं हेही त्याचंच काम. काही ठिकाणी तर मुलाला शिकाऊ म्हणून घ्यावं यासाठी बापालाच मुख्य माळ्याला पैसे मोजावे लागत.

काही वर्षांनी तो जर्नीमन व्हायचा, म्हणजे कसबी पण अजून फिरता माळी. त्याने एका बागेत फार दिवस राहायचं नाही, अशीच रीत होती. वर्ष-दोन वर्षं एका ठिकाणी द्राक्षं शिकायची, पुढच्या ठिकाणी ऑर्किड, तिसऱ्या ठिकाणी भाजीपाला. पेटी उचलायची आणि रेल्वेने पुढचं गाव गाठायचं. त्याच्यावर फोरमन आणि सगळ्यांच्या वर मुख्य माळी. नवी जागा मुख्य माळ्याच्या शिफारसपत्रावर मिळायची, त्यामुळे त्याची मर्जी सांभाळणं ओघानेच आलं. लंडनमधली व्हीच यांच्यासारखी मोठी रोपवाटिका माळी पुरवायचंही काम करायची. जागेची वाट पाहणारे तरुण तिथे राबत असत, आणि एखाद्या जमीनदाराला माणूस हवा असला की तो तिथेच पत्र टाकायचा.

अविवाहित जर्नीमन राहायचे ती जागा म्हणजे बॉथी. ही खोली बहुतेक वेळा काचघरांच्या पाठीमागे, भिंतीच्या उत्तरेकडच्या बाजूला असायची. कारण सरळ आहे, बॉयलर तिथे होते. भिंतीच्या एका बाजूला सगळा सूर्य पीच आणि द्राक्षांना, दुसऱ्या बाजूला ओल आणि अंधार माळ्यांना. काही बॉथी नीटनेटक्या होत्या, स्वयंपाकाला बाईही असायची. पुष्कळ ठिकाणी मात्र पोरं आळीपाळीने स्वतःच रांधायची. बागेतली भाजी फुकट मिळायची. फळाला मात्र हात लावायची सोय नव्हती.

लग्न केलं की बॉथीतली जागा जायची. त्यामुळे फोरमन किंवा मुख्य माळ्याची जागा मिळेपर्यंत लग्न लांबणीवर टाकावं लागे. गंमत अशी की मुख्य माळ्याच्या जागेसाठी मात्र विवाहित माणूसच पसंत केला जायचा.

दिवस साधारण सकाळी सहाला सुरू होऊन संध्याकाळी सहाला संपायचा, हिवाळ्यात उजेड असेल तितका. आणि त्यानंतर अभ्यास! झाडांची लॅटिन नावं, भूमिती, जमीन मोजणी, नकाशे काढणं, थोडं रसायनशास्त्र. मेणबत्तीच्या उजेडात वह्या भरणाऱ्या या पोरांतल्या विल्यम क्रेसवेल नावाच्या एकाची रोजनिशी सुदैवाने टिकली. १८७४ मध्ये तो एसेक्समधल्या ऑडली एंड या वाड्याच्या बागेत जर्नीमन होता. त्या पानांमुळे राबणाऱ्या माळ्याचं रोजचं आयुष्य आपल्याला त्याच्याच हातच्या नोंदींतून कळतं. असं फार क्वचित घडतं, कारण बागांचा इतिहास बहुधा मालकांच्या कागदपत्रांतून लिहिला जातो.

पगाराचं गणित

जॉन क्लॉडियस लाउडन हे त्या काळातले बागकामावरचे मोठे लेखक. १८२६ साली त्यांनी माळ्यांसाठी मासिक सुरू केलं आणि त्यात पगाराचा प्रश्न उघडपणे मांडला. एक पौंड म्हणजे वीस शिलिंग. लाउडननी दाखवून दिलं की अक्षरओळख नसलेल्या गवंड्याला दिवसाला ५ ते ७ शिलिंग मिळतात, आणि भूमिती, वनस्पतिशास्त्र शिकून रात्र रात्र वाचन करणाऱ्या जर्नीमन माळ्याला मिळतात २, फार तर अडीच. गवंड्याची मजुरी कमी करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. माळ्याकडे घरगडी म्हणून पाहिलं जातं, कसबी कारागीर म्हणून नाही, हे त्यांना दाखवायचं होतं.

१८४१ मध्ये माळ्यांसाठी ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ हे साप्ताहिक निघालं. नवी वाणं, नवी खतं, बॉयलरच्या जाहिराती, नोकरीच्या जागा, सगळं त्यात यायचं. ते सुरू करणाऱ्यांत एक नाव होतं जोसेफ पॅक्स्टन.

पॅक्स्टनची गोष्ट तेव्हाही प्रत्येक बॉथीत सांगितली जात असणार. शेतमजुराच्या घरात १८०३ मध्ये जन्मलेला हा मुलगा तेविसाव्या वर्षी डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ वाड्याचा मुख्य माळी झाला, पगार वर्षाला ७० पौंड आणि राहायला घर. ९ मे १८२६ च्या पहाटे साडेचारला तो तिथे पोचला. कुणी उठलेलं नव्हतं, म्हणून फाटक चढून आत गेला, भाजीबागेची भिंत ओलांडून सगळी बाग पाहिली, सहा वाजता माणसांना कामाला लावलं, कारंजी चालू करून बघितली आणि मग घरव्यवस्था पाहणाऱ्या बाईंकडे न्याहारीला गेला. तिथे त्यांची भाची सारा भेटली, दोघं प्रेमात पडली, आणि हे सगळं नऊच्या आत, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

याच माणसाने चॅट्सवर्थला प्रचंड काचघर उभारलं. त्याला आठ बॉयलर होते, सुमारे ११ किलोमीटर नळ होते आणि कोळसा जमिनीखालच्या बोगद्यातून रुळांवरून आणला जायचा. १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने अ‍ॅमेझॉनच्या महाकाय कमळाला इंग्लंडात पहिल्यांदा फूल आणलं. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधला क्रिस्टल पॅलेस हा काचेचा भव्य प्रदर्शनमहाल त्याच्याच आराखड्यावर उभा राहिला, त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि पुढे तो खासदारही झाला.

गोष्ट खरी आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण तिच्यावरून माळ्यांच्या आयुष्याचा अंदाज बांधला तर चुकेल. एका बागेत जर्नीमन अनेक आणि मुख्य माळ्याची जागा एकच. बहुतेकांना ती शिडी मधेच सोडावी लागली. कुणी रोपवाटिकेत गेलं, कुणी रेल्वेत, कुणी परदेशी.

परदेशी जाणाऱ्यांपैकी एकाचा संबंध थेट आपल्या इकडच्या एका झाडाशी आहे. १८३५ मध्ये पॅक्स्टनने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात धाडलं. हेतू मुख्यतः एकच, ब्रह्मदेशातलं अ‍ॅमहर्स्टिया हे झाड मिळवायचं. लाल-पिवळ्या फुलांचे झुंबरासारखे घोस येणारं हे झाड म्हणजे आपली उर्वशी, मुंबईच्या राणीच्या बागेत आहे ती. गिब्सन कलकत्त्याला आला, खासी टेकड्यांत ऑर्किड गोळा करत हिंडला आणि १८३७ मध्ये उर्वशीचं रोप जिवंत परत घेऊन गेला. इतका खटाटोप करूनही चॅट्सवर्थला ते फुललं नाही. इंग्लंडमध्ये ते पहिल्यांदा फुललं १८४९ मध्ये, लंडनजवळ ईलिंगला, मिसेस लॉरेन्स यांच्या काचघरात. गिब्सन निदान सुखरूप परतला. १८३८ मध्ये उत्तर अमेरिकेत पाठवलेले चॅट्सवर्थचे दोन तरुण माळी, वॉलेस आणि बँक्स, कोलंबिया नदीत बुडून मेले.

आणखी एक धागा जळगावपर्यंत येतो. पॅक्स्टनने चॅट्सवर्थच्या काचघरात एक बुटकी केळ वाढवली. मालक ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांच्या घराण्यावरून तिला नाव मिळालं. आपली बसराई आणि आता सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन, दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातल्या.

हिरवळ, फुलं आणि टोपल्या

हिरवळ कापायला आधी लांब दांड्याचं विळ्यासारखं पातं वापरायचे, तेही पहाटे, कारण दवाने ओलं गवत नीट कापलं जातं. १८३० मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या एडविन बडिंगने कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापायचं यंत्र बनवलं. मोठ्या यंत्रांना घोडा जुंपायचे आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्याच्या पायात चामड्याचे बूट चढवायचे.

फुलांचे वाफे ही वेगळीच दगदग. लाल जिरेनियम, पिवळी कॅल्सिओलेरिया, निळी लोबेलिया यांचे गालिच्यासारखे नक्षीदार पट्टे काढायची तेव्हा फॅशन होती. ही झाडं दक्षिण आफ्रिकेची नाहीतर अमेरिकेची, थंडी न सोसणारी. म्हणजे शरदात हजारो फाटे लावायचे, हिवाळाभर काचेखाली जगवायचे, मे महिन्याच्या शेवटी बाहेर लावायचे आणि ऑक्टोबरात उपटून टाकायचे. यात कौशल्य होतं हे कबूल, पण केवळ ऐश्वर्य दाखवण्यासाठी इतक्या माणसांची कंबर मोडायची, हे वाचताना मला आजही त्रास होतो.

मुख्य माळ्याला या सगळ्याचं वेळापत्रक डोक्यात ठेवावं लागे. मालकाकडे पार्टी कधी, शिकारीला पाहुणे कधी येणार, त्या दिवशी किती पीच पिकलेले हवेत. उन्हाळ्यात मालक मंडळी लंडनला मुक्कामी गेली की भाजी, फळं, फुलं टोपल्यांत भरून रेल्वेने रोज पाठवायची. पीच एकेक करून मऊ कागदात आणि कापसात बसवायचा, द्राक्षाच्या मण्यावरचा पांढुरका मेणासारखा थर बोट लागून पुसला जाता कामा नये. तो थर गेला तर घड हाताळलेला दिसतो आणि बोलणी खावी लागतात. वाड्याच्या आचाऱ्याशीही त्याचे खटके उडायचे. माळ्याला भाजी वाढू द्यायची असायची, आचाऱ्याला ती कोवळी हवी असायची.

एकटा माळी आणि खुरपणाऱ्या बाया

आतापर्यंत सांगितलं ते मोठ्या वाड्यांचं. खेड्यात त्याहून कितीतरी जास्त माळी एकेकटे राबत होते, गावच्या पाद्र्याच्या, डॉक्टरच्या किंवा निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी. त्याला फोरमन नाही, बॉथी नाही, बरोबरीचं कुणी नाही. बटाटे, कोबी, गुलाब, कुंपणाची कापणी हे तर होतंच, शिवाय तट्टूला दाणापाणी, गाडी धुणं, बुटांना पॉलिश आणि कोळसा आत आणून टाकणंही त्याच्याच गळ्यात. त्याची नोंद इतिहासात फारशी नाही, पण इंग्लंडमधल्या खेड्यांची जी सुंदर रूपं चित्रांत दिसतात ती बऱ्याच अंशी याच्या हातची.

मोठ्या बागांत खुरपणीला, दगड वेचायला, पाला गोळा करायला गावातल्या बाया रोजंदारीवर येत. मजुरी पुरुषांपेक्षा खूपच कमी. शिकायची वाट त्यांना बंद होती. १८९६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानाने पहिल्यांदा स्त्रियांना माळी म्हणून घेतलं, पण त्या केंटमधल्या स्वॉनली कॉलेजात शिकून आलेल्या होत्या. खुरपणाऱ्या बायांपर्यंत ही संधी पोचली नाही.

म्हातारपण हा सगळ्यांत अवघड भाग. घर नोकरीबरोबर मिळालेलं, त्यामुळे गुडघे गेले, काम सुटलं की घरही सुटायचं. मालक मरून वारसाने बाग लहान केली तरी तीच गत. चांगला मालक म्हाताऱ्या माळ्याला लहानसं घर आणि थोडे पैसे द्यायचा, पण ती त्याची मर्जी, माळ्याचा हक्क नव्हे. ज्याला कुणी नाही त्याच्यापुढे वर्कहाउस, म्हणजे सरकारी अनाथालयवजा कामाचं घर, एवढाच मार्ग उरायचा. ही अवस्था पाहून १८३९ मध्ये वृद्ध, निराधार माळी आणि त्यांच्या विधवांसाठी एक मदतसंस्था सुरू झाली. ती आजही ‘पेरेनियल’ या नावाने चालू आहे. सरकारी पेन्शन सुरू झालं ते थेट १ जानेवारी १९०९ ला, तेही सत्तरी गाठलेल्या गरिबांना, आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग.

इंग्लंडला जाणं झालं तर ऑडली एंडचा वाडा पाहून झाल्यावर भाजीबागेकडे वळा. तिथली काचघरं बघा आणि मग भिंतीमागची बॉथीही बघा. कॉर्नवॉलकडे जाणार असाल तर हेलिगनच्या बागेत जुना अननसाचा खड्डा दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला आहे. तिथले माळी घोड्याच्या लिदीच्या उष्णतेवर आजही त्यात अननस पिकवतात.